ध्वनिसंस्काराच्या प्लगइनचे वर्गीकरण आणि दशावताराचे ध्वनिमुद्रण : एक चिकित्सा

संगीतनिर्मितीच्या संगणकप्रणालीस ध्वनीवर संस्कार करणाऱ्या ज्या उपप्रणाली जोडल्या जातात, त्यांना प्लगइन असे म्हणतात. श्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९६ साली 'व्हीएसटी' हा प्लगइनचा साचा प्रचारात आणला व तो इतर उत्पादकांनाही खुला केला. तेव्हापासून प्लगइनची संख्या इतकी वाढली की, एखाद्या लहान ध्वनिमुद्रण कक्षातील संगणकावरही ती शेकड्यांत मोजावी लागते. त्यांची मांडणी कशी करावी, हा प्रश्न सामान्यतः टापटिपीचा समजला जातो. मात्र यादीत जे प्रथम दिसते तेच प्रथम वापरले जाते, आणि म्हणून मांडणीचा परिणाम थेट ध्वनीवर होतो. कोकणातील दशावताराच्या ध्वनिमुद्रणाचा विचार केला असता ही गोष्ट विशेषत्वाने लक्षात येते.

बहुतेक प्रणालींत प्लगइन उत्पादकाच्या नावाने लावता येतात. ग्रंथालयातील पुस्तके प्रकाशकाच्या नावाने लावावीत, तसाच हा प्रकार होय. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. २००८ साली आलेल्या 'व्हीएसटी ३' या साच्याने प्लगइनमध्येच वर्गाची नोंद ठेवण्याची सोय केली. इक्वलायझर, डायनॅमिक्स, डिले, रिव्हर्ब, फिल्टर असे वर्ग त्यात आहेत. ही सुधारणा स्वागतार्ह असली तरी या यादीत एक घोटाळा आहे. 'डिले' हे प्रक्रियेचे नाव, 'मास्टरिंग' हे कामाच्या टप्प्याचे नाव, 'स्टिरिओ' हे ध्वनिवाहिन्यांच्या रचनेचे नाव. तरीही तिन्ही एकाच पंक्तीत बसविली आहेत. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाचे निरनिराळे पैलू वेगळे काढून मग त्यांची जोडणी केली आहे. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा दोष चटकन दिसेल. शिवाय ही नोंद उत्पादकच भरतो, त्यामुळे एकाच जातीचे दोन प्लगइन दोन वर्गांत गेल्यास आश्चर्य वाटू नये.

खरा वाद तिसऱ्या पद्धतीविषयी आहे. कित्येक ध्वनिमुद्रक 'व्होकल', 'ड्रम', 'गिटार' असे फोल्डर करतात, आणि उत्पादकांचे तयार संचही याच नावांनी येतात. ही विभागणी पाश्चात्त्य वाद्यवृंदातून, त्यातही रॉक-पॉप संगीतातून आलेली आहे. कसाल-मालवण मार्गावरील कट्टा किंवा त्या परिसरातील कोणत्याही गावी दशावताराचे मुद्रण करावयाचे झाल्यास समोर येतात ते मृदंग, पायपेटी, झांज आणि पदे म्हणणारा नट. मृदंग 'ड्रम'मध्ये घालावा, तर त्या फोल्डरात बहुधा पहिलाच भेटतो तो गेट. ठरावीक पातळीखालचा ध्वनी तोडून टाकणे हे त्याचे काम. अनेक मायक्रोफोन लावलेल्या ड्रमसंचास तो उपकारक ठरतो. मृदंगाच्या कणीक लावलेल्या डाव्या तोंडाची रेंगाळणारी घुमार मात्र त्याच्या हातून कापली जाते. झांजेला तर फोल्डरच नाही. पायपेटीच्या भात्याचा श्वास हा गोंगाट समजून काढून टाकणारे प्लगइनही आहेत.

भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, अवनद्ध, घन व सुषिर असे चार वर्ग आहेत. नाद कशाच्या योगे निर्माण होतो, हे त्या वर्गीकरणाचे तत्त्व. बेल्जियमच्या माहियों यांनी १८८० साली याच धर्तीचे चतुर्विध वर्गीकरण स्वीकारले व हॉर्नबोस्टेल आणि साक्स यांनी १९१४ साली ते विस्तारले. इतकी जुनी व जगन्मान्य दृष्टी हाताशी असताना मृदंगाने ड्रमच्या फोल्डरात आश्रित म्हणून राहावे, हे विसंगत आहे.

गायनाच्या बाबतीत हानी अधिक होते. १९९७ साली आलेल्या ऑटो-ट्यूनपासून स्वरदुरुस्तीचे प्लगइन 'व्होकल' फोल्डरात ठाण मांडून बसले आहेत. बारा स्वरांपैकी जवळच्या स्वरावर आवाज त्वरेने ओढून नेण्याची योजना केली की, पदातील मींड पायऱ्यांसारखी तुटक होते. हा आवाज रात्रभर उघड्या मांडावर पोहोचविण्यासाठी घडलेला असतो. त्याचा ताण हा सुधारण्याजोगा दोष नव्हे.

फोल्डर क्रम सांगत नाही, हीदेखील मोठी उणीव आहे. नटाच्या मायक्रोफोनात बाजूला बसलेल्या मृदंगाचा खर्जही शिरतो. इक्वलायझरने तो खर्ज आधी कमी केला व नंतर कॉम्प्रेसर लावला, तर आवाज समतोल राहतो. क्रम उलटा झाल्यास प्रत्येक थापेसरशी गाणाऱ्याचा आवाज दबतो. प्लगइन तेच, परंतु निष्पत्ती निराळी. म्हणून सुट्या प्लगइनपेक्षा त्यांची साखळी जपून ठेवणे अधिक मोलाचे ठरते. रीपरमध्ये अशी साखळी स्वतंत्र नावाने जतन करता येते. 'उघड्या मांडावरील पद', 'मृदंग, दोन मायक्रोफोन' अशी कामाची नावे तिला देता येतील. फोल्डर मात्र प्रक्रियेनुसारच असावेत. वाद्य, प्रसंग आदी पैलू खुणांच्या रूपाने जोडावेत. एबलटन लाइव्हच्या २०२४ च्या बाराव्या आवृत्तीत अशा खुणांची सोय आहे.

लोककलेच्या अभ्यासकांच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. श्टाइनबर्गने 'व्हीएसटी २' चा विकास-संच देणे २०१८ साली थांबविले. ॲपलच्या २०१९ च्या कॅटालिना प्रणालीपासून ३२-बिट प्लगइन चालेनासे झाले. प्लगइनची मांडणी कितीही उत्तम असली तरी जुना प्रकल्प उघडताना त्यातील संस्कार नाहीसे झालेले असू शकतात. महाविद्यालयांनी दशावताराचे मुद्रण संग्रही ठेवताना संस्कारपूर्व मूळ ध्वनी वेव्ह स्वरूपात, संस्कारित प्रत वेगळी, आणि कोणता प्लगइन कोणत्या क्रमाने व कोणत्या मापांवर लावला याची साध्या मजकुरातील नोंद, अशा तिन्ही गोष्टी एकत्र ठेवणे आवश्यक आहे.