दोन नोंदींमधले कासव

जानेवारी २०२५ च्या अखेरीस गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची एक मादी अंडी घालायला आली. तिच्या वल्ह्यासारख्या पुढच्या पायावर धातूचा छोटा बिल्ला होता, क्रमांक ०३२३३. तो मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने लावलेला होता. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे एकमेकांत मिसळत नाहीत, या समजाला त्यामुळे धक्का बसला. शोध मोलाचा आहे, यात शंका नाही. माझा आक्षेप बातमीच्या मथळ्याला आहे. सगळीकडे एकच आकडा गाजला : ३,५०० किलोमीटर.

हा आकडा कशावर उभा आहे? दोन नोंदींवर. एक ओडिशाची, एक गुहागरची. मध्ये जवळपास चार वर्षे. श्रीलंकेला वळसा घालून येणारा सागरी मार्ग गृहीत धरला, की एवढे अंतर निघते. कासव प्रत्यक्षात कुठे गेले, कुठे थांबले, किती वेळा जाळ्याजवळून निसटले, हे त्या बिल्ल्याला ठाऊक नाही. आपण मोजले ते दोन गावांमधले अंतर, आणि त्याला प्रवास म्हटले.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. तरी हा संशय मी इथेच शिकलो. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला टी१सी१ हा वाघ जून २०१९ मध्ये निघाला आणि डिसेंबरात आमच्या ज्ञानगंगेत पोहोचला. त्याच्या गळ्यात फेब्रुवारीपासून कॉलर होती. तेव्हा बातम्यांत १,३०० किलोमीटर हा आकडा होता. वर्षभरात तो ३,००० झाला. मी दोन्ही कात्रणे शेजारी ठेवून बसलो होतो. खोटे कोणीच नव्हते. पहिला आकडा ज्ञानगंगेपर्यंतचा, दुसऱ्यात पुढच्या महिन्यांतली भटकंतीही धरलेली. त्या वाघाच्या पाच हजारांवर नोंदी होत्या, साधारण तासाला एक. दर तासाऐवजी दिवसाला एकच नोंद घेतली असती, तर तोच वाघ कागदावर कितीतरी कमी चालला असता, कारण दोन बिंदूंमध्ये आपण सरळ रेघ ओढतो. एप्रिल २०२० मध्ये कॉलर काढली आणि रेघ संपली. वाघ मात्र संपला नव्हता.

आता कोकणातला दुसरा प्रयोग पाहा. २०२२ च्या सुरुवातीला कांदळवन कक्ष आणि भारतीय वन्यजीव संस्थेने पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह यंत्रे चिकटवली. वेळासची प्रथमा, आंजर्ल्याची सावनी, गुहागरच्या वनश्री, रेवा आणि लक्ष्मी. पुढच्या वर्षी गुहागरहूनच बागेश्री आणि गुहा निघाल्या. बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. इथे दोन नव्हे, अनेक बिंदू मिळाले. पण या यंत्राचीही मर्यादा आहे. कासव श्वासासाठी वर आले आणि अँटेना पाण्याबाहेर राहिली, तरच संदेश जातो. स्थानात कित्येकदा काही किलोमीटरची चूक असते. आणि एकेक करून ही यंत्रे गप्प होतात.

ही गप्पता कोणी वाचत नाही, हे माझे मुख्य म्हणणे. यंत्राची बॅटरी संपली, यंत्र पाठीवरून सुटले, किंवा कासव मेले : तिन्ही वेळा पडद्यावर दिसते ते एकच, काहीही नाही. कासव फुप्फुसाने श्वास घेते. ट्रॉलच्या जाळ्यात अडकून वर येता आले नाही, तर ते गुदमरून मरते. म्हणजे ज्या धोक्यासाठी हा माग काढायचा, तोच धोका नकाशावर कोरी जागा होऊन बसतो. बातमी मात्र ‘संपर्क तुटला’ एवढ्यावर थांबते.

यावर एक उत्तर मला माहीत आहे. नाव आणि आकडा नसता, तर लोकांनी कासवाकडे पाहिले असते का? हे उत्तर टाकाऊ नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासला घरटी राखायला सुरुवात केली, आणि पुढे कासव महोत्सवाने गावाला त्यात ओढले, ते लोकांच्या कौतुकाच्या बळावरच. पण कौतुक वाळूवरच राहिले. समुद्रातले प्रश्न रुक्ष आहेत. जाळ्यात गजांची चौकट बसवली, तर कोळंबी मागे जाते आणि कासव वेगळ्या तोंडाने सुटते. तिला ‘टेड’ म्हणतात. ती न वापरता धरलेली कोळंबी घ्यायची नाही, असा कायदा अमेरिकेने १९८९ मध्ये केला. भारतासह चार देश त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले. आपल्या मच्छीमाराला भीती असते ती त्या तोंडातून मासळीही निसटण्याची. महाराष्ट्राने २०१८ मध्ये योजना आणली : संरक्षित प्राणी सोडवताना जाळे कापावे लागले, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. अशा कापलेल्या प्रत्येक जाळ्यामागे एक तारीख, एक जागा आणि एक जिवंत प्राणी असतो. त्या नोंदी मथळ्यात कधी येत नाहीत. मला त्या उपग्रहाच्या बिंदूंइतक्याच मोलाच्या वाटतात.

म्हणून संपादकांना एवढेच सुचवतो. अंतर छापा, पण त्याशेजारी तीन गोष्टी छापा : नोंदी किती, दोन नोंदींत काळ किती, शेवटची नोंद कधीची. मग ०३२३३ च्या ३,५०० किलोमीटरशेजारी ‘नोंदी २’ असे दिसेल. शोधाची किंमत त्याने कमी होणार नाही. मधल्या चार वर्षांत त्या पाण्यात काय काय होते, हे विचारायची आठवण मात्र राहील.