निजलेल्यांची रात्र

बालवाडीच्या वयातील मुलांसाठी मराठीत जे लिहिले, गायले आणि शिकवले जाते त्यात रात्रीला मोठे स्थान आहे. परंतु या रात्रीचा समीक्षेने फारसा विचार केलेला दिसत नाही. अंगाईगीत हे वात्सल्याचे उदाहरण, बालगीत हा नादाचा खेळ, आणि बालवाडीतील ‘रात्र’ हा पाठ तर साहित्याच्या कक्षेबाहेरचाच, अशी एक सोयीची वाटणी आपण करून ठेवली आहे. मूल मात्र हे तिन्ही एकाच कानाने ऐकते. त्याच्या दृष्टीने ती एक सलग संहिता असते: अंधार पडल्यावर जगात काय चालते, कोण जागे असते, कशाला भ्यायचे आणि कशाला नाही, हे सांगणारी. या संहितेने गृहीत धरलेला श्रोता कोण, हा प्रश्न त्यामुळे केवळ शिक्षणशास्त्राचा राहत नाही.

या पाठाची रचना परिचयाची आहे. आधी रात्रीचा क्रम येतो: हातपाय धुणे, जेवण, दात घासणे, गोष्ट, अंथरूण. मग रात्री काम करणारी माणसे येतात. त्यांत पहारेकरी, पोलीस आणि परिचारिका ही ठरलेली. त्यानंतर घुबड, वटवाघूळ, काजवा, रातकिडा. शेवटी भावना, म्हणजे बहुतेक वेळा एकच भावना, भीती. आणि ती निराधार असल्याचा दिलासा. चारही घटक आपापल्या जागी निरुपद्रवी वाटतात. त्यांना जोडणारे वाक्य मात्र थांबून पाहण्यासारखे आहे. ‘आपण झोपतो तेव्हा ते काम करतात’ अशा घाटाचे ते वाक्य असते. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत जो भेद आहे तो पुष्कळ भाषांत नाही. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवते, ‘आपण’ त्याला आत ओढते. आणि हे ओढून घेणे ऐच्छिक नसते. बाई ‘आपण’ म्हणाल्या की वर्गातील प्रत्येक मूल त्यात सामील झालेच. ज्याचा बाप रात्रपाळीला गेला आहे ते मूलही निजलेल्यांत सामील होते आणि त्याचा बाप ‘ते’ होतो. एका सर्वनामाने घराच्या मधून भिंत घातली जाते, आणि तीही अतिशय प्रेमळ आवाजात.

हा व्याकरणाचा कीस वाटण्याचा संभव आहे. म्हणून रात्रीकडे थोडे भूगोलाच्या अंगाने पाहावे. मुंबईच्या ससून डॉकवर मासळीचा बाजार उजाडण्यापूर्वीच भरतो. कोळणीला घर सोडावे लागते ते मूल गाढ झोपेत असताना. बीडकडून पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या ऊसतोडीच्या टोळीत गाडी भरायला केव्हा बोलावणे येईल याचा नेम नसतो. कोपीतले मूल जागे झाले तर शेजारी आई असेलच असे नाही. पण या चर्चेत सर्वांत बोलके उदाहरण जुन्नर-आंबेगावकडचे आहे. शेतीपंपांना वीज वर्षानुवर्षे पाळीपाळीने, आणि पुष्कळदा रात्रीचीच, मिळत आली. वीज आली की दारे धरायला जावे लागते. विजेरी आणि काठी घेऊन माणूस उसाच्या सरीत उतरतो. त्याच उसात बिबट्याची मादी पिल्ले घालते. येथे रात्रीचा क्रम, रात्रीचे काम, रात्रीचा प्राणी आणि रात्रीची भावना हे पाठाचे चारही घटक एकाच घरात, एकाच वेळी हजर असतात. मात्र त्यांचे परस्परसंबंध पाठाने सांगितले त्याच्या नेमके उलट आहेत. प्राणी चित्रातला नाही. काम करणारा ‘ते’ नाही. आणि ‘अंधारात काही नसते’ हा दिलासा त्या मुलाच्या अनुभवाशी पडताळला तर असत्य ठरतो. त्याची भीती ही अज्ञानाची नसून माहितीची भीती आहे. पाठ ती दूर करायला निघतो. ती ऐकून घ्यायला त्याच्याजवळ जागाच नाही.

घरगुती मौखिक परंपरा या बाबतीत अधिक निर्दोष आहे, असे मानण्याचेही कारण नाही. मूल झोपत नसले की बागुलबुवाला हाक मारली जाते. आणि बागुलबुवा एकटा नसतो. झोळीवाला बुवा, गोसावी, भिकारी, पोलीस, शहरात शिट्टी वाजवत फिरणारा गुरखा हे सगळे त्याचे नातलग. यादी नीट पाहिली तर ही रात्री रस्त्यावर असणारी माणसे आहेत. म्हणजे पाठ ज्यांना ‘आपले मदतनीस’ म्हणतो त्यांतील काहींना घर ‘पकडून नेणारे’ म्हणते. दोन्हीकडे ते बाहेरचेच. चंद्राला मात्र आपण मामा करून टाकले आहे. विंदा करंदीकरांनी ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’मध्ये भुताटकीलाच नात्यात घेतले ही त्यांची फार मोठी सूझ होती: मावशी म्हटल्यावर भय उरते, पण ते खेळण्याजोगे होते. बालकवितेत भीतीला नाकारण्याऐवजी तिच्याशी संबंध जोडणारी ही वाट मराठीत निघाली ती भुतांच्या बाबतीत. जागणाऱ्या माणसांच्या बाबतीत नाही.

याचे एक कारण रात्रीला मराठी मध्यमवर्गाने दिलेल्या अर्थात आहे. दिवेलागणीला शुभंकरोति, मग परवचा, मग जेवण, मग गोष्ट. रात्र ही संस्कारांची वेळ ठरली. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ची प्रकरणे ‘रात्र पहिली’पासून ‘रात्र बेचाळिसावी’पर्यंत मोजलेली आहेत, ही गोष्ट केवळ बाह्य रचनेची नाही. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेल्या आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाने रात्र म्हणजे कामे आटोपून, प्रार्थना करून, एकत्र बसून ऐकण्याचा काळ ही प्रतिमा कायम केली. ती प्रतिमा सुंदर आहे, यात वाद नाही. पण कामे आटोपली आहेत, ही तिची पूर्वअट आहे. ज्या घरात कामे आटोपत नाहीत त्या घराला या रात्रीत आपले काहीतरी चुकते आहे एवढेच उमगते.

आणि तरीही मराठी भाषेची स्वतःची रात्र अशी नव्हती. तिन्हीसांज, दिवेलागण, जेवणवेळ, निजानीज, उत्तररात्र, रामप्रहर, झुंजुमुंजू: हे शब्द घड्याळाचे नाहीत, माणसांच्या हालचालींचे आणि बदलत्या उजेडाचे आहेत. बालपुस्तकांत यांऐवजी ‘रात्र झाली’ आणि ‘सकाळ झाली’ अशी दोनच वाक्ये उरतात, मधला सगळा काळ झोपेने पुसला जातो. आणि त्या पुसलेल्या काळातच जाते फिरत होते. पहाटेच्या अंधारात दळायला बसलेल्या बाईच्या मांडीवर किंवा शेजारी मूल निजलेले असे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांचे भांडार हे या अर्थाने रात्रपाळीचे वाङ्मय आहे. मुलाच्या कानावर पडणारा आवाज येथे त्याला झोपवण्यासाठी काढलेला नाही. तो श्रमाचा आवाज आहे, आणि त्यात मूल झोपते. अंगाईची चर्चा करताना ओवीला वेगळ्या प्रकरणात टाकण्याची आपली पद्धत म्हणूनच फसवी आहे: अंगाईत आई मुलासाठी जागी असते, ओवीत ती पिठासाठी जागी असते, आणि बहुसंख्य मुलांनी दोन्ही आवाज एकाच गळ्यातून ऐकले आहेत.

पिंगळ्याचे उदाहरण तर याहून विलक्षण. पिंगळा हे एका लहान घुबडाचे नाव, आणि पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन दारोदार येणाऱ्या, त्या पक्ष्याची भाषा कळते असे सांगत भविष्य वर्तवणाऱ्या भिक्षेकऱ्याचेही तेच नाव. पाठाने ‘रात्रीचे प्राणी’ आणि ‘रात्रीची माणसे’ अशा ज्या दोन चौकटी आखल्या आहेत त्या या एका शब्दात एकमेकींत मिसळतात. तो येतो तेव्हा भीती आणि कुतूहल ही दोन्ही येतात, आणि त्याला दार उघडून पसाभर धान्य द्यायचे असते.

दत्त कवींनी, वयाच्या चोविसाव्या वर्षी १८९९ मध्ये निवर्तलेल्या या कवीने, आपल्या प्रसिद्ध अंगाईत दरिद्री आईला बोलते केले. तिच्याजवळ चांदण्याचा पाळणा नाही. झोपेची हमी तिच्या मोडकळीस आलेल्या झोपडीच्या आयुष्याइतकीच आहे, आणि हे ती बाळापासून लपवत नाही. एवढ्या लहान मुलाला एवढे सत्य कशासाठी, असा आक्षेप येथे घेतला जातो, आणि तो वरवरचा नाही. अंगाईचे पहिले काम झोप आणणे हेच आहे. मुलाला सुरक्षित वाटू देणे हा काही वर्गीय कट नव्हे. परंतु ही कविता सुरक्षितता हिरावून घेत नाही. ती सुरक्षिततेचे ठिकाण बदलते: भिंतीकडून आवाजाकडे. घर भक्कम आहे म्हणून झोप, असे न म्हणता मी बोलते आहे तोवर झोप, असे ती सुचवते. नंतरच्या चित्रपटीय अंगाईगीतांनी हा ताण सोडून दिला आणि चंद्र, झाड, पाखरे यांची शांत नेपथ्यरचना तेवढी ठेवली.

बालशिक्षणाच्या क्षेत्रात या प्रश्नाच्या अगदी जवळ जाऊन पोचलेले काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे आहे. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन करणाऱ्या ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि पुढे १९५७ मध्ये कोसबाडला. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, या विचारातून अंगणवाडी झाली. मूल गुरे राखायला जात असेल तर शाळा कुरणात न्यायची, या विचारातून कुरणशाळा. कुरणशाळेचे सैद्धान्तिक महत्त्व असे की तिने मुलाच्या दिवसाला प्रमाण मानले, पाठ्यक्रमाच्या दिवसाला नाही. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले. नाव गेले त्या वेगाने ही दृष्टी गेली असे म्हणवत नाही. आणि दिवसासाठी जे झाले ते रात्रीसाठी झालेच नाही. मुलाच्या रात्रीला प्रमाण मानणारा पाठ कसा असेल, याची रूपरेषाही आपल्याजवळ नाही.

झोपण्याच्या क्रमावरील बालपुस्तकाचा नमुना म्हणून जगभर ज्याच्याकडे पाहिले जाते ते मार्गारेट वाइझ ब्राउन आणि चित्रकार क्लेमंट हर्ड यांचे ‘गुडनाइट मून’ हे १९४७ चे अमेरिकन पुस्तक या संदर्भात पुन्हा उघडून पाहण्याजोगे आहे. त्यात सशाचे पिल्लू खोलीतील एकेका वस्तूचा निरोप घेते आणि पानागणिक खोली काळोखत जाते. खुर्चीवर एक म्हातारी विणत बसलेली आहे. तिला नाव नाही, ती पिल्लाची कोण हे सांगितलेले नाही; तिचे काम एवढेच की तिने गप्प राहण्याची खूण करावी. आपल्याकडील अनुकरणांनी या पुस्तकातून निरोपांची यादी उचलली. शेवटचे चित्र कोणी उचलले नाही. पिल्लू झोपले आहे, खुर्चीवर मांजराची पिल्ले आहेत आणि म्हातारी तेथे नाही. मूल निजल्यावर ती कोठे गेली, तिचे घर कोठे आहे, त्या घरी तिची वाट कोण पाहत होते, याबद्दल पुस्तक काही बोलत नाही. पण खुर्ची रिकामी झाली हे ते दाखवते. पाच वर्षांच्या मुलाला हा बदल चटकन दिसतो आणि ते विचारते. ‘रात्री आपण काय करतो?’ या प्रश्नाला बालवाडीत एकच उत्तर अपेक्षित असते. ‘रात्री तुझ्या घरी कोण कोण असते?’ असे विचारले तर ससून डॉकजवळच्या, कोपीतल्या आणि जुन्नरच्या मुलांची उत्तरे वेगवेगळी येतील, आणि बाईंना त्यांतले एखादे उत्तर ऐकून पुढचा प्रश्न सुचायला थोडा वेळ लागेल.