कोळीगीत कोणाचं?

मंडळी, मांडव्याच्या किनाऱ्यावर बोलायचं, तर विषयही दर्याचाच घेऊ : ‘मी डोलकर’ हे गाणं. शब्द शांता शेळके यांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, गायला लता मंगेशकर आणि हेमंतकुमार. शांताबाई इंदापूरच्या, हेमंतकुमार बंगालचे. कोळीवाड्यातलं यांत कोणी नाही. चाल मात्र कोळीगीतांच्या वळणाची. म्हणून काही जण याला उसनं कोळीगीत म्हणतात. हा आक्षेप आम्हाला अपुरा वाटतो.

का ते पाहा. ‘हांव सायबा पलतडी वयतां’ ही गोव्याची देखणी आपण लोकगीत समजतो. ‘बॉबी’ (1973) चित्रपटातही ती वेगळ्या रूपात आली. पण तिला रचनाकार होता : कार्लुस एउजेनियु फेरेरा (1860–1932). लोक गात राहिले, नाव गळालं. तेव्हा जन्म कुठे झाला, यावरून गाणं लोकांचं की नाही हे ठरत नाही.

मग दोष नाहीत का? आहेत. डोल म्हणजे पिशवीसारखं जाळं. ते प्रवाहाच्या तोंडाशी एका जागी बांधायचं, भरती-ओहोटीच्या ओढीनं बोंबील, जवळा आत येतो, आणि पाणी पालटायच्या सुमाराला ओढून घ्यायचं. ते लावणारा तो डोलकर. गाण्यातला डोलकर मात्र रापण टाकतो! रापण हे किनाऱ्यावरून माणसांच्या रांगांनी ओढायचं जाळं. दोन वेगळे धंदे एका कडव्यात मिसळले. घाटावरच्या श्रोत्याला तर डोलकर म्हणजे डोलणारा, असंच वाटतं; शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलं वल्ही घेऊन डोलतात. अर्थात दर्याचा धाक शांताबाई विसरलेल्या नाहीत, हेही सांगायला हवं.

आता मुख्य मुद्दा. ग्रीकांचा एक जुना प्रश्न आहे : जहाजाची एकेक फळी बदलत गेलो, तर शेवटी जहाज तेच का? कोळ्याला हा प्रश्न पडत नाही. होडी दर्यात जाते ना, मग ती आपलीच. लोकगीतही तसंच. लग्नात धवलारीण धवले गाते, तेव्हा त्या घरातली नावं ती गाण्यात ओवते. म्हणजे फळी बदलते. रेकॉर्डवर ते होत नाही; तिथे गाणं एकदाचं पक्कं होतं.

पण हळदीच्या रात्री हेच गाणं बेंजोवर येतं, लय चढते, एखादं कडवं गळतं, नाचणारे आपले बोल घालतात. आमच्या मते इथे ते कोळीवाड्याचं झालं. ज्यांच्याकडून वळण घेतलं, त्यांना ते पुन्हा बदलता येतं, हीच खरी कसोटी.

काळजी वेगळीच आहे. स्पीकर आला आणि धवलारीण मागे सरली. चाल उचलली गेली, हे दुःख लहान. नवं गाणं रचणारा गळाच गप्प होणं, हे मोठं. 1957 चा कॉपीराइट कायदा कवी, संगीतकार ओळखतो. गाणाऱ्याचे हक्कही तो मानतो, पण ओटीवर गाणारी म्हातारी सहसा त्याच्यापर्यंत पोचत नाही. ती आपल्याला दिसायला हवी. तुमच्या हातात मोबाइल आहेत. आजीचे धवले रेकॉर्ड करा, आणि खाली नुसतं ‘पारंपरिक’ लिहू नका. तिची परवानगी घेऊन तिचं नाव लिहा.