एकल मातांचे मनःस्वास्थ्य : मापनपद्धतीवर एक आक्षेप

करोना साथीच्या काळातील एकल मातांच्या मनःस्थितीचा विचार करताना आपले अभ्यासक बहुधा तयार मापनपट्टीचा आश्रय घेतात. नऊ प्रश्नांची ‘पीएचक्यू’ पट्टी त्यांत विशेष प्रचारातली. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह यांत किती बिघाड झाला, हे तीत विचारले जाते. दवाखान्यात ती उपयुक्त आहे, याविषयी वाद नाही. परंतु कर्जत व खालापूर तालुक्यांतील त्या काळाला ती लावू गेल्यास अर्थाचा घोटाळा होतो, असे आम्हांस वाटते.

भुकेचाच प्रश्न घ्या. लेकरांना पुरावे म्हणून अर्धपोटी राहणारी बाई त्यास ‘होय’ म्हणो वा ‘नाही’. तिच्या मनाविषयी त्यातून काय निष्पन्न होणार?

झोपेचा प्रश्न याहून बिकट आहे. कर्जत व खोपोली ही मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गाची टोके. येथील कित्येक घरांची चूल लोकलगाडीवर अवलंबून. ही वाहतूक मार्च २०२० मध्ये थांबली. जूनमध्ये ती अत्यावश्यक सेवकांपुरती सुरू झाली; सर्व स्त्रियांना मुभा मिळाली ती २१ ऑक्टोबरपासून, आणि तीही सकाळी अकरा ते दुपारी तीन व सायंकाळी सातनंतर. सकाळी घरकामासाठी कल्याणकडे जाणाऱ्या बाईला या वेळा काय कामाच्या? पुढे नोव्हेंबरात स्त्रियांसोबत मुलांना नेण्यास मनाई झाली. घरात दुसरे माणूस असेल तर ही केवळ गैरसोय; जिला ते नाही, तिच्यापुढे मूल की मजुरी हाच पेच. तिच्या निद्रानाशाची नोंद पट्टीवर होते, वेळापत्रकाची होत नाही.

मराठीत या अवस्थेला ‘जिवाला घोर लागणे’ म्हणतात. घोर हा नेहमी कशाचा तरी, कोणाचा तरी असतो. ‘औदासीन्य’ या पारिभाषिक शब्दात नेमका हा संबंध गळून पडतो.

नमुनानिवडीतही दोष राहतो. शासनाने २०२१ साली सुरू केलेल्या ‘मिशन वात्सल्य’चा रोख करोनाने पती गेलेल्या स्त्रियांकडे होता, व ते योग्यच. मात्र तेवढ्याच याद्यांवरून नमुना निवडला, तर नवऱ्याने टाकलेली बाई अभ्यासाबाहेर पडते. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांत काम बहुधा जोडप्याने करावयाचे असते. तेथे एकटीचे स्थान आधीच डळमळीत. तिच्याजवळ पतीच्या मृत्यूचा दाखला नाही, म्हणून तिला आपत्ती भोवली नाही असे कसे म्हणावे?

पट्टी टाकून द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. तिच्या आधी इतके तरी विचारावे : त्या महिन्यांत मूल कोणापाशी राहत होते, आणि उसने मागावयास कोणाचे दार उघडे होते?