शेला कुणाचा, पागोटे कुणाला?

दहावीच्या वर्गाचा निरोप समारंभ आटोपत आला, की शेवटी चिठ्ठ्यांचा डबा उघडला जातो. कुठे त्याला शेलापागोटे म्हणतात, कुठे फिशपाँड. वर्गातल्या प्रत्येकाविषयी कुणीतरी एक-दोन ओळी लिहून डब्यात टाकलेल्या असतात. एकजण त्या मोठ्याने वाचतो, ज्याच्यावर ओळ आहे तो उठून पुढे येतो आणि वर्ग हसतो. वाशिम जिल्ह्यातल्या धनज-कारंजा पट्ट्यातल्या शाळांपासून पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांपर्यंत हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. मराठी समीक्षेने त्याची दखल सहसा घेतलेली नाही. पोरांची करमणूक म्हणून तो सोडून दिला जातो.

परंतु ज्याच्या घरात त्याच्याआधी कुणी शाळेची पायरी चढले नाही, तो मुलगा परीक्षेसाठी नव्हे तर स्वतःच्या मर्जीने जे पहिले लेखन करतो, ते पुष्कळदा हेच असते. ते जिवंत माणसावरचे लेखन असते आणि त्या माणसाच्या तोंडावर वाचायचे असते. म्हणून त्याला साहित्याचा निकष लावला पाहिजे. तो लावला, की पहिला प्रश्न उभा राहतो तो हा: ही थट्टा माणसाच्या करणीवर आहे, की त्याच्या जन्मावर?

शब्दापासूनच सुरुवात करू. शेला-पागोटे हा गावगाड्यातला मान. लग्नकार्यात तो कुणाला आधी आणि कुणाला नंतर, हे ठरलेले असे, आणि त्यावरून भांडणे होत. ज्यांना हा मान मिळायचा ते गावाचे मानकरी. महारवाड्याच्या वाट्याला उतरलेले कापड येई. मयतावरचे कापड हा तर त्यांचा हक्कच ठरवून दिलेला होता. आज त्याच शब्दाखाली शाळेत प्रत्येकाला, कसलाही क्रम न लावता, एकेक पागोटे बहाल होते. कुणालाही न वगळता, आळीपाळीने, सारखाच मान आणि सारखीच थट्टा, ही कल्पना गावगाड्याला मानवणारी नव्हती. शेलापागोट्यांचे सामाजिक मोल येथे आहे. ते खरोखर पाळले जाते का, हे पाहणे समीक्षेचे काम आहे.

दुसऱ्याला नाव ठेवण्याचा अधिकार आपल्या समाजात फार जुना आणि फार एकतर्फी आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे निंद्य असावे, असे मनुस्मृतीने सांगितले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्यात माणसाचे बारसेही अडकलेले होते. कचरू, धोंडू, दगडू ही नावे दृष्ट लागू नये म्हणूनही ठेवली जात, हे खरे. पण ती कोणत्या वस्तीत अधिक राहिली, हे सांगायला नको. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू आपली कहाणी दया पवारला सांगतो. एकाच माणसाची ही दोन नावे आमनेसामने बसवणे ही नुसती निवेदनाची युक्ती नव्हे. जन्माने लादलेले नाव आणि कर्तृत्वाने मिळवलेले नाव यांचा तो झगडा आहे.

याच वऱ्हाडात उलट दिशेचे उदाहरणही आहे. डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांना लोकांनी गाडगेबाबा म्हटले, कारण ते गाडगे जवळ बाळगत. परिटाच्या घरी जन्मलेल्या माणसाला लोकांनी जे नाव दिले ते जातीवरून आले नाही, त्याच्या हातातल्या वस्तूवरून आले. कीर्तनात ते समोरच्यांना प्रश्न विचारून, त्यांच्या कर्जाची आणि व्यसनाची थट्टा करून भंडावून सोडत. तरी माणसे रागावून उठून जात नसत, कारण तो माणूस आपल्यातलाच आहे ही खात्री त्यांना होती. आज अमरावतीचे विद्यापीठ त्याच टोपणनावाने ओळखले जाते. टोपणनावाला अशी प्रतिष्ठा येऊ शकते. त्यासाठी ते करणीवरून पडलेले असावे लागते.

आता चिठ्ठ्यांकडे येऊ. आमच्या भागातल्या मुलांकडून ऐकलेल्या ओळी साधारण या धर्तीच्या असतात. ‘हजेरीले जागा, धड्याले झोपला.’ ‘प्रश्न बाकी हाय, अन् हिचा हात वर!’ ‘एसटी निघाली का याचं धावणं सुरू.’ प्रस्थापित अभिरुचीला यात काही वाङ्मयीन वाटणार नाही. पण पहिली ओळ नीट पाहा. हा मुलगा वर्गात झोपतो, कारण रात्री तो गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेला असतो. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत येते. कधी शेत बापाचे असते, कधी बाप दुसऱ्याच्या शेतात मजुरीला असतो. लिहिणाऱ्याला हे माहीत आहे, हसणाऱ्यांनाही माहीत आहे, आणि ते चिठ्ठीत लिहिलेले नाही. ते लिहिले असते तर दया झाली असती. वर्गाने त्याच्यावर दया केली नाही, थट्टा केली. म्हणजे त्याला आपल्या बरोबरीचा धरला. सामाजिक आशय भाषणातूनच येतो असे मानणाऱ्यांनी या चार शब्दांचा विचार करावा.

याच डब्यातून दुसऱ्या जातीची चिठ्ठीही निघते. शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलाला ‘सरकारी जावई’ म्हणणारी. तिलाही हशा मिळतो, पण तो अर्ध्या वर्गाचा असतो. उरलेला अर्धा वर्ग खाली पाहतो. मुलाने काय केले, यावर ती ओळ नाही. तो कुणाच्या पोटी जन्मला, यावर आहे. तिला उत्तर देता येत नाही, कारण जन्माला उत्तर नसते. उशिरा येणारा उद्या वेळेवर येऊन चिठ्ठी खोटी पाडू शकतो. ‘जावई’ काय करील? शिवाय ती निनावी असते. निनावीपणा दुबळ्याच्या हाती ढाल असतो, बहुसंख्याच्या हाती तो आडोसा होतो.

हाच निकष आपल्या मान्यवर व्यक्तिचित्रांनाही लावून पाहण्यासारखा आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ने (१९६२) प्रेमळ थट्टेचे व्यक्तिचित्र मराठी घराघरांत नेले. १९६५ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातला सखाराम गटणे हा पुस्तकी मराठी बोलणारा विद्यार्थी. त्याच्या बोलण्यावर आपण हसतो, आणि ते हसू निर्मळ आहे; थट्टा त्याच्या करणीवर आहे, लेखकाची माया उघड आहे. तथापि हे हसू एका गृहीतावर उभे आहे: प्रमाण मराठी ही घरचीच भाषा आहे आणि गटणे तिचा अतिरेक करतो. आमच्या वर्गातल्या गटण्याची गोष्ट वेगळी आहे. तो ‘मले’ टाकून ‘मला’ म्हणतो, ‘काऊन’ टाकून ‘का’ म्हणतो, ते हौसेने नव्हे. घरची भाषा तोंडातून निसटली तर आपण कोण हे कळेल, या धास्तीने तो पुस्तकाचा आधार घेतो. त्याच्यावर हसायचे असेल तर ही धास्ती माहीत असलेल्यानेच हसावे. पु. लं.नी हे का लिहिले नाही, असा हा आक्षेप नाही. हा दुसरा गटणे लिहिण्याचे काम आमच्याकडे येते, एवढेच म्हणायचे आहे.

ते काम आपण किती केले? दलित आत्मकथनांत शाळा ठायी ठायी आहे, पण ती बहुधा वेगळ्या बसवलेल्या मुलाची शाळा आहे. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसणारे आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात फळ्याकडे निघताच ज्यांच्यामुळे मुलांनी फळ्यामागचे डबे भराभर हलवले, ते भीमराव आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्काराची सभा सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली भरली आणि कृ. अ. केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. तो खरा शेला होता; पण तो वर्गाबाहेरून आला. जेथे डबा शिवत नव्हते तेथे थट्टा कोण करणार? थट्टेला आधी शेजारी बसावे लागते. कुमुद पावडे यांनी ‘अंतःस्फोट’मध्ये (१९८१) दाखवले, की संस्कृत शिकवणाऱ्या दलित स्त्रीला मिळणारे कौतुकसुद्धा जातीकडे बोट दाखवूनच येते. म्हणजे जन्मावरून केलेली निंदा जितकी दुखावते, तितकीच जन्मावरून केलेली स्तुतीही.

जन्माची नोंदच नको, असे मात्र मी म्हणत नाही. निरोपानंतर काही महिन्यांत याच मुलांच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला पडतो आणि त्यावर जात लिहिलेली असते. तो रकाना हक्कासाठी लागतो, आणि विषमता आहे तोवर लागेलच. पण मुलाच्या हाती दोन कागद असावेत. एकावर शासनाने त्याच्याकडून काय हिरावले गेले याची नोंद ठेवावी. दुसऱ्यावर सोबत्यांनी तो कसा आहे हे लिहावे. दुसऱ्या कागदावर पहिलाच रकाना उतरवला, तर सोबत्यांनी त्याला पाहिलेच नाही असे होईल.

मुलींच्या चिठ्ठ्यांची स्थिती आणखी वाईट असते. त्या रंगावर, वेणीवर, लग्नावर थांबतात. दहावीनंतर जिचे शिक्षण सुटणार आहे, तिच्याविषयी वर्गाने लिहिलेल्या दोन ओळी तिच्या पेटीत वर्षानुवर्षे राहू शकतात. त्यात ‘हिचा हात वर’ असे लिहिलेले असावे, की तिच्या रंगाविषयी?

दलित साहित्याने वेदना आणि नकार मांडला. ते आवश्यक होते, अजून आहे. परंतु थट्टा ही काही पांढरपेशांची मिरास नाही. आंबेडकरी जलशांनी जातिव्यवस्थेची खिल्ली उडवूनच वस्त्या जाग्या केल्या. आता बाकावरचा सोबती, मग तो कुठल्याही जातीचा असो, आपल्या लेखणीने रेखाटण्याची वेळ आली आहे: त्याच्या खोडींसह, त्याच्या भित्रेपणासह, मायेने आणि नाव देऊन. ज्याला आपण हसू शकतो आणि जो आपल्याला हसू शकतो, त्याच्याशीच बरोबरी होते. शिक्षकांनी चिठ्ठ्यांचा डबा बंद करू नये. प्रत्येक चिठ्ठीखाली लिहिणाऱ्याने सही करावी, एवढी अट घालावी. सही करताना हात थांबला, तर ती ओळ कशावर होती हे लिहिणाऱ्याचे त्यालाच कळेल.