हिरवं कार्नेशन : अर्थ आणि आरोप

आज एका फुलाबद्दल बोलू. हे फूल बागेतून तसंच्या तसं येत नव्हतं. पांढऱ्या कार्नेशनचा देठ रंगाच्या पाण्यात ठेवायचा. पाणी वर चढतं, पाकळ्या हिरव्या होतात. म्हणजे उघडउघड कृत्रिम.

२० फेब्रुवारी १८९२, लंडनचं सेंट जेम्स थिएटर. ऑस्कर वाइल्डच्या ‘लेडी विंडरमियर्स फॅन’चा पहिला प्रयोग. वाइल्डने काही मित्रांना हे फूल कोटाला लावून यायला सांगितलं होतं. चित्रकार ग्रॅहम रॉबर्टसनने त्याला विचारलं, याचा अर्थ काय? रॉबर्टसनच्या १९३१च्या आठवणींप्रमाणे वाइल्डचं उत्तर असं, की अर्थ काहीच नाही. पण नेमकं तेच कुणाला सुचणार नाही.

आपण मात्र सरळ शिकवतो : हिरवं कार्नेशन म्हणजे समलिंगी पुरुषांची गुप्त खूण. पॅरिसमध्ये तशी प्रथा होती, असंही जोडून देतो. हे वाक्य सगळीकडे सापडतं, पुरावा क्वचितच सोबत असतो. माझा आक्षेप या घाईला आहे.

आता काळ बघा. १८८५च्या कायद्याने इंग्लंडमध्ये पुरुषांमधले खाजगीतले संबंधसुद्धा दोन वर्षांच्या कैदेचा गुन्हा ठरले होते. अशा वेळी जिचा अर्थ पक्का झाला, ती खूण कसली? तो तर कबुलीजबाब! ज्याला कळायचं त्याला कळावं, आणि हटकलं तर ‘अहो, फूल आहे नुसतं’ म्हणता यावं. ही पळवाट म्हणजेच त्या फुलाचं काम.

ती पळवाट अरुंद केली साहित्याने. १८९४मध्ये ‘द ग्रीन कार्नेशन’ ही कादंबरी निनावी आली. लेखक रॉबर्ट हिचन्स. वाइल्ड आणि लॉर्ड आल्फ्रेड डग्लस यांची ती थट्टा होती, आणि कोण कोण आहे ते वाचकाला लगेच ओळखू येत होतं. वाइल्डने वृत्तपत्राला पत्र लिहिलं : फूल माझं, पुस्तक माझं नव्हे. पण आता फुलाला अर्थ चिकटला होता.

पुढच्या एप्रिलमध्ये कोर्टात वकील कार्सनने ‘डोरियन ग्रे’मधले उतारे वाचून दाखवले आणि लेखकाला त्यांचा अर्थ विचारला. २५ मे १८९५ रोजी वाइल्डला सक्तमजुरीसह दोन वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा कादंबरीमुळे झाली नाही, साक्षीदार होतेच. पण कार्सनची वाचनपद्धत लक्षात घ्या : अमुक म्हणजे तमुक, हो की नाही ते सांगा.

समीक्षक जेव्हा प्रत्येक प्रतिमेचं कुलूप असंच उघडायला बसतो, तेव्हा हेतू चांगला असला तरी पद्धत तीच असते. मग वाइल्डचं फूल वाचायचंच नाही का? वाचायचं. पण त्याने अर्थ का लपवला, त्या लपवण्याची किंमत काय होती, हे आधी विचारायचं. अर्थ नंतर.