'एक देश, एक रेशनकार्ड' : मिळालेल्या धान्याची नोंद होते, न मिळालेल्याचं काय?

सुटीत पहूरला गेले की कुणीतरी हमखास विचारतं, "तुझा पीएचडीचा विषय तरी काय गं?" मी सांगते, "दोन सरकारांचे संगणक एकमेकांशी कसे बोलतात, ते." समोरचा चेहरा कोरा झाला की मी पीजेचं उदाहरण देते. आपली पाचोरा-जामनेर नॅरोगेज २०२० मध्ये बंद पडली; पण ज्यांनी तिने प्रवास केलाय त्यांना आठवत असेल, की मुंबईला जायचं तर पाचोऱ्याला उतरून, बोचकी उचलून मोठ्या गाडीत बसावं लागायचं. कारण रुळांचं मापच वेगळं. सरकारी कामांचं असंच होतं. राज्य बदललं की उतरा, कागद उचला आणि पहिल्यापासून सुरुवात करा.

हे उतरणं वाचवायचा जो प्रयत्न आपल्या लोकांच्या थेट स्वयंपाकघरापर्यंत आला, तो म्हणजे 'एक देश, एक रेशनकार्ड'. ९ ऑगस्ट २०१९ ला तो राज्यांच्या दोन जोड्यांमध्ये सुरू झाला : आंध्र-तेलंगणा आणि महाराष्ट्र-गुजरात. दुसरी जोडी खानदेशासाठी किती महत्त्वाची, हे सांगायला नको. उधना, लिंबायत भागात आपले किती लोक आहेत ते सुरतेला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. पुढे २९ जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या राज्यांना ३१ जुलैची मुदत दिली आणि जून २०२२ मध्ये आसाम आल्यावर सगळी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश जोडले गेले.

आधी कौतुक करते, कारण ते खरोखर करण्यासारखं आहे. या योजनेने प्रत्येक राज्याला "तुमची व्यवस्था मोडा, आमची घ्या" असं सांगितलं नाही. कार्डांची यादी राज्यांकडेच राहिली. दुकानातल्या मशीनवर अंगठा ठेवला, की मधली केंद्रीय प्रणाली मूळ राज्याच्या नोंदीत बघून सांगते : हा माणूस यादीत आहे, त्याचं इतकं धान्य बाकी आहे. निम्मं कुटुंब सुरतेला आणि निम्मं गावाला असेल तर थोडं इथे, थोडं तिथे उचलता येतं. माझ्या विषयात याला चांगली रचना म्हणतात : प्रत्येकाचं घर वेगळं, फक्त दारं एका मापाची.

राज्य सोडलं की काय सोबत येतं, त्याला मर्यादा आहेच. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याचं धान्य येतं, म्हणजे प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो. राज्याने स्वतःच्या खिशातून दिलेलं येत नाही. २०२२ च्या दिवाळीत आपल्याकडे १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल असा 'आनंदाचा शिधा' मिळाला, तो सुरतेत मिळणार नव्हता. ही तडजोड मला पटते. सगळं सारखं करायच्या नादात काहीच झालं नसतं.

माझा आक्षेप वेगळा आहे. तो मला संगणकासमोर बसून सुचला नाही, माझ्या मामीमुळे सुचला.

मामा सुरतेला लूमवर आहे. कार्ड पहूरचं, नावं चार, म्हणजे महिन्याला २० किलो. मामी तिथल्या एका दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "बाहेरचं कार्ड आहे ना? माल संपला. पुढच्या आठवड्यात या." पुढच्या आठवड्यात तेच. मामी मला फोनवर म्हणाली, "कार्ड चालतं म्हणे सगळीकडे, पण गहू तर भेटत नाही." त्या महिन्यात तिने दाणे बाहेरून विकत घेतले.

आता दुकानदाराच्या बाजूनेही बघू. त्याला माल येतो तो मुख्यतः त्याच्या दुकानाला जोडलेल्या कार्डांच्या हिशेबाने. बाहेरची कार्डं वाढली तर जास्तीचा माल मागवता येतो, पण तो येईपर्यंत आधी कुणाला परत पाठवायचं? ओळखीच्याला की परक्याला? उत्तर आपल्याला माहीत आहे.

खरा मुद्दा पुढे आहे. दोन्ही वेळा मामीचा अंगठा मशीनला लागलाच नाही. म्हणजे सरकारच्या नोंदीत ती त्या दुकानात गेलीच नव्हती! योजनेचं यश मोजलं जातं ते झालेल्या व्यवहारांवरून. तोंडी नकाराचा व्यवहार होत नाही, म्हणून आकड्यांत नकार दिसतच नाही. विज्ञानात आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात, की जे मोजलंच नाही ते शून्य आहे असं समजू नका. इथे नेमकं तेच होतंय.

समजा, मामीने तक्रार करायचं ठरवलं. कुणाकडे? कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, राज्य अन्न आयोग आहे. हक्काचं धान्य मिळालं नाही तर 'संबंधित राज्य सरकार'ने अन्नसुरक्षा भत्ता द्यावा, असं कलम ८ म्हणतं. पण संबंधित राज्य कोणतं? नाव महाराष्ट्राच्या यादीत, नकार गुजरातच्या दुकानात. माणूस एका जागी राहतो असं धरून कायदा २०१३ मध्ये लिहिला गेला. माणूस फिरतो हे योजनेने २०१९ मध्ये मान्य केलं, पण जबाबदारी मात्र अजून जागच्या जागीच आहे. १४४४५ ही हेल्पलाइन आहे आणि ती असणं चांगलंच. तरी फोनवर माहिती मिळणं वेगळं आणि कुणीतरी सही करून निर्णय देणं वेगळं.

एस्टोनिया आणि फिनलंड या दोन देशांनी असंच काम केलं, तेव्हा ते फक्त संगणक जोडून थांबले नाहीत. आपली समाईक 'एक्स-रोड' प्रणाली सांभाळायला त्यांनी २०१७ मध्ये दोघांच्या मालकीची एक संस्था काढली. २०१९ पासून फिनलंडच्या डॉक्टरची डिजिटल चिठ्ठी एस्टोनियाच्या औषधदुकानात चालते. ते देश छोटे आणि श्रीमंत, ही तुलना ताणू नये. पण जे समाईक आहे त्याला एक ठरलेला मालक लागतो, एवढं तरी घ्यावं.

आपल्याकडे दोन गोष्टी पुरेशा आहेत. एक, माल नसला तरी आधी अंगठा घ्यायचा आणि मशीनमधून कारणासह नकाराची पावती द्यायची; तिची नोंद दोन्ही राज्यांना जाईल. दोन, ज्या राज्यातल्या दुकानाने नकार दिला त्याच राज्याने तक्रार ऐकायची, असा साधा नियम. कायद्याच्या धान्याचा भार मुळात केंद्र उचलतं, त्यामुळे महाराष्ट्र-गुजरातमध्ये गव्हाच्या पैशावरून भांडायचं कारण नाही.

तोवर तुमच्या घरचं कुणी सुरतेला, पुण्याला, कुठेही असेल, तर त्यांना एवढं सांगा : दुकानदार नाही म्हणाला तरी मशीनवर अंगठा लावायचा आग्रह धरा, तारीख लिहून ठेवा आणि १४४४५ ला फोन करा. मामीलाही मी हेच सांगितलं. ती म्हणाली, "बरं बाई. पण त्यासाठी परत एक दिवसाचा रोज बुडवू का?"

याचं उत्तर माझ्या प्रबंधात अजून नाही.